बोलणारा आपल्याला कोण बनवतोय ते कसं पकडायचं

ऑफिसच्या एचआरचा मेल, एखाद्या नेत्याचं भाषण आणि एक बातमी, तिन्ही समोर घ्या आणि पेनाने फक्त एवढंच खूण करा की यात आपल्याला काय म्हणून हाक मारलीय. कर्मचारी, बांधव, लाभार्थी, ग्राहक, पार्टनर, जे असेल ते. माहिती काय दिलीय ते नंतर बघा, कारण हाक आली की आपण कसं वागायचं हेपण तिच्यासोबत येतं. लाडकी बहीण योजना घ्या ना, 2024 ला सुरू झाली, महिन्याला 1500 रुपये, पैसे सरकारी तिजोरीतले, पण हाक बहिणीची मारली की देणारा आपोआप भाऊ होतो आणि भावाकडे हिशोब कोण मागणार? तीच बाई नागरिक म्हणून उभी राहिली तर रेशनचं काय, एसटीचं काय, असं सगळं विचारेल. योजना चांगली की वाईट हा वेगळा विषय, मी फक्त हाकेबद्दल बोलतोय.

मग पैशाला काय म्हटलंय ते बघा. ही स्टेप लोक हमखास सोडतात आणि खरी गंमत इथेच आहे. अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईला सेविका म्हणतात आणि तिला मिळतं ते मानधन. पोरांचा पोषण आहार, वजनं, रजिस्टरं, सर्व्हे, वर मोबाईलवर माहिती भरणं, हे सगळं करून ती "सेवा" देते, मग सेवा म्हटल्यावर पगार कशाला, ग्रॅच्युइटी कशाला, असा सरळ हिशोब. गुजरातमधल्या सेविकांची ग्रॅच्युइटीची केस सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा हाच वाद होता, हे मानधन आहे वेतन नाही वगैरे, आणि एप्रिल 2022 मधे कोर्टाने सांगितलं की 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा सेविका आणि मदतनीस दोघींना लागू होतो. म्हणजे नावाने अडवलेले पैसे सुटायला थेट सुप्रीम कोर्ट लागलं. डिलिव्हरीवाल्या पोरांचंही तेच, अ‍ॅप त्यांना पार्टनर म्हणतं पण रेट अ‍ॅप ठरवणार, आयडी अ‍ॅपच बंद करणार, मग पार्टनरशिप कसली राव. तर तुमच्या ऑफर लेटरमधे कन्सल्टंट, ट्रेनी, असोसिएट असं काही भारी लिहिलं असेल तर लगेच खाली पीएफ, रजा आणि नोटीस पिरियड शोधा, तिथे तुम्ही खरे कोण आहात ते कळतं.

पुढे क्रियापद. "निर्णय घेण्यात आला आहे", "लाठीमार झाला", "काही पदं कमी करावी लागत आहेत". कोणी घेतला, कोणी केला? कर्ता गायब असेल तिथे स्वतः एक नाव घालून वाक्य परत वाचा. नाव घालता येत नसेल तर तोच प्रश्न मीटिंगमधे विचारायचा, शांतपणे, एकदाच.

यानंतर बघायचं की "आपण" म्हटल्यावर बाहेर कोणाला ठेवलंय. साठच्या दशकातलं मार्मिक साप्ताहिक यासाठी बेस्ट उदाहरण. बाळासाहेब ठाकऱ्यांनी ते 1960 ला सुरू केलं आणि मग त्यात मुंबईतल्या ऑफिसांमधल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या यायला लागल्या, बहुतेक दाक्षिणात्य आडनावं. भाषण नाही, युक्तिवाद नाही, नुसती यादी, पण नोकरी शोधणाऱ्या मराठी पोराने ती वाचली की तो एकटा बेकार राहत नव्हता, डावलला गेलेला मराठी माणूस होत होता, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस परका. 1966 ला शिवसेना आली तेव्हा ऐकणारे तयारच होते. मराठी मुलांना नोकऱ्या मिळत नाहीत ही तक्रार खोटी नव्हती, पण यादीत कंपनीच्या मालकापेक्षा तिथला मद्रासी साहेब जास्त दिसत होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता उलट बाजू, म्हणजे स्वतःची हाक स्वतः कशी ठरवायची. बाबासाहेब आंबेडकरांच्या वृत्तपत्रांची नावं ओळीने वाचा, मूकनायक 1920, बहिष्कृत भारत 1927, जनता 1930, प्रबुद्ध भारत 1956. ज्याला आवाज नाही तिथपासून सुरुवात आणि शेवट बुद्धाच्या वाटेवर, तेही धर्मांतराच्या वर्षीच. समाज तेव्हा दलितांना काय म्हणत होता ते सगळ्यांना माहितीय, ते नाव यात कुठेच नाही.

आपल्या लेव्हलला हे करायचं तर साधं आहे. मीटिंगमधे ओळख करून देताना "मी फक्त बॅकएंड बघते" मधला फक्त काढा आणि काम सांगा, "पेमेंट अडकलं तर मी सोडवते". अप्रेझलचा फॉर्म बॉसने भरायच्या आधी तुमच्या कामाची तीन वाक्यं त्याला मेल करून ठेवा, बिझी माणूस तीच उचलतो. आणि कधी चॅनलवाले बाइट घ्यायला आले तर नावाखाली पट्टीत काय लिहिणार ते आधी विचारा. "संतप्त रहिवासी" आणि "सोसायटीचे सेक्रेटरी" यांनी एकच वाक्य बोललं तरी बघणारा वेगळं ऐकतो. रिपोर्टर घाईत असतो, त्यामुळे कागदावर लिहूनच द्या, आडनावाच्या स्पेलिंगसकट.