जांघेतली खाज दरवेळी गजकर्णच नसते
रात्री खाज वाढते, आतल्या कपड्यांवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात? मग गजकर्णाचं मलम चोपडण्याआधी उजेडात तिथल्या केसांची मुळं नीट बघा. खेकड्यासारखी, जेमतेम १-२ मिमीची ऊ किंवा केसाला घट्ट चिकटलेली लीख दिसेल. १ टक्का पर्मेथ्रिन (ऊ मारणारं औषध) लावून १० मिनिटांनी धुवा. लिखा यातून वाचू शकतात, म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा तपासा; जिवंत ऊ दिसली तर परत लावा. पापण्यांना मात्र हे औषध अजिबात नको, तिथे डोळ्यांचे डॉक्टरच गाठा. कपडे, चादरी, टॉवेल कडक गरम पाण्यात. जोडीदाराचे उपचारही त्याच वेळी, नाहीतर मुसळ केरात! आणि हो, कंडोमने ही ऊ अडत नाही. लाज बाजूला ठेवून इतर गुप्तरोगांची तपासणीही उरकून घ्या.