वकिलातीचं वीजबिल आधी वाचा

परराष्ट्र मंत्रालयाच्या नोकरीत माझी सगळी वर्षं प्रशासनाच्या टेबलावर गेली. लोकांना वकिलात म्हटलं की करार, मेजवान्या आणि झेंडा लावलेली गाडी दिसते. माझ्या वाट्याला आलं ते डिझेल, गळके नळ, एसीचे फिल्टर आणि भाडेकरार. आता पहिल्या परदेशी पोस्टिंगवर निघालेली पोरं फोन करतात, "काका, मिशन म्हणजे आपली वकिलात पर्यावरणपूरक करायचीय, सुरुवात कुठून करू?" बहुतेकांच्या डोक्यात आवारात रोप लावतानाचा फोटो असतो. रोप खुशाल लावा. पण आधी बिलांची फाईल काढा.

गेल्या बारा महिन्यांची वीज-पाण्याची बिलं, जनरेटरचं लॉगबुक आणि गाड्यांची लॉगबुकं मागवा आणि आकडे एका साध्या वहीत उतरवा. मग शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता स्वतः जाऊन मीटर वाचा आणि सोमवारी सकाळी आठला परत वाचा. मधल्या ६२ तासांत पहारेकऱ्यांशिवाय चॅन्सरीत, म्हणजे वकिलातीच्या कार्यालयात, कोणी नसतं. तरी जेवढे युनिट पडले, तेवढ्यातच तुमची पहिली बचत आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या एका राजधानीत मी हे केलं, तेव्हा मला वाटलं मीटरच बिघडलाय. मीटर ठणठणीत होता. वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत वर्षभर कोणी उतरलं नव्हतं, पण तिथला गिझर अखंड चालू होता. आवारातले दिवे भर दुपारीही जळत होते, कारण त्यांचं बटण स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे.

असं वर्षानुवर्षं चालू राहण्याचं एक कारण खास आपल्या खात्यातलं आहे. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २२ प्रमाणे मिशनप्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाचा कोणीही अधिकारी आत पाऊल टाकू शकत नाही. मग वीज कंपनीचा तपासनीस येणार कसा? कोणी चूक दाखवायला येत नाही, म्हणून चूक सुरक्षित राहते. तेव्हा ऊर्जा तपासणी करणाऱ्याला तुम्हीच बोलवा, सुरक्षा अधिकाऱ्यांशी आधी बोलून घ्या आणि कुठल्या खोल्या दाखवायच्या नाहीत ते ठरवा. कलम २३ने करमाफी मिळते, पण प्रत्यक्ष घेतलेल्या सेवेचे पैसे त्यातून वगळलेले आहेत. विजेचं बिल राजदूतालाही चुकत नाही.

आता जनरेटर. ज्या शहरात वीज जाते तिथे तुमचा खरा शत्रू हाच. आमच्याकडे १२५ केव्हीएचं धूड होतं, सगळी इमारत एकदम चालावी म्हणून घेतलेलं. रात्री वीज गेली की तेच धूड सुरू व्हायचं आणि चालवायचं काय, तर चौकीतला पंखा, चार दिवे आणि सर्व्हर. डिझेल जनरेटर क्षमतेच्या तीस टक्क्यांखाली फार वेळ चालवला की इंधन नीट जळत नाही, धुराड्यात काजळी आणि तेलकट घाण साठते आणि इंजिनाचं आयुष्य घटतं. एक लिटर डिझेल जळालं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर आमचा धूर थेट शेजारच्या शाळेच्या भिंतीवर, ते वेगळंच.

उपाय साधा आहे. रात्रीचा भार वेगळ्या सर्किटवर घ्या आणि त्याला बॅटरी-इन्व्हर्टर लावा. छत तुमच्या ताब्यात असेल तर त्याच बॅटऱ्यांना सौर पॅनेल जोडा. मोठा जनरेटर फक्त कामाच्या वेळात चालू द्या. मंजुरीसाठी दिल्लीला नोट पाठवताना पहिल्या परिच्छेदात पृथ्वी वाचवायची भाषा नको. लॉगबुकातले लिटर, त्याचे पैसे आणि किती महिन्यांत खर्च वसूल होईल एवढंच लिहा. माझी पहिली नोट भावनेच्या भरात लिहिलेली होती, ती परत आली. दुसरी आकड्यांची होती, ती मंजूर झाली.

एसीचा प्रश्न नाजूक, कारण तो पदाचा होतो. भारतात १ जानेवारी २०२०पासून खोलीचे नवे एसी सुरू करताच २४ अंशांवर लागतात. परदेशात घेतलेल्या एसीला ते कुठलं ठाऊक असणार? आमच्या साहेबांच्या खोलीत कायम १८. परिपत्रक काढून काही होत नाही, साहेबांना परिपत्रक पाठवणार कोण? मी दुपारी तीनला त्यांच्या खोलीत जाऊन बसलो, तेव्हा कळलं की पश्चिमेच्या काचेतून ऊन सरळ त्यांच्या मानेवर येतंय. खिडकीबाहेर तिथल्याच बाजारातली विणलेली चटई टांगली आणि फिल्टर धुवून घेतले. २४ काही झाले नाहीत, २२वर तडजोड झाली.

मेकॅनिक "गॅस भरून देतो" म्हणाला की त्याला थांबवा आणि गळती कुठे आहे ते आधी शोधायला लावा. आर-४१०ए हा एसीत भरायचा गॅस एक किलो जरी हवेत गेला तर तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. नवा एसी घेताना आर-३२चा मागा, त्याचा परिणाम जवळपास एक तृतीयांश आहे.

इमारत भाड्याची असेल तर सगळी कळ भाडेकराराच्या नूतनीकरणात आहे. जुने एसी कोण बदलणार, छतावर पॅनेल लावायची परवानगी आहे का, हे तेव्हाच लिहून घ्या. नंतर मालक चहा पाजतो, सही देत नाही. आणि जागा मोठी घेण्याआधी विचार करा. बर्लिनमध्ये पाच नॉर्डिक देशांच्या वकिलाती १९९९पासून एकाच आवारात आहेत, सभागृह आणि कँटीन सामायिक. आपल्याला तसं आवार बांधायचं नाही, पण वर्षातून चारदा लागणाऱ्या हॉलसाठी शेजारच्या मिशनचा हॉल मागायला काय हरकत आहे?

कागदाबद्दल थोडक्यात. ई-ऑफिस, म्हणजे संगणकावरच्या फायली, आलं तरी "एक प्रत फाईलला" ही सवय जात नाही. प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापण्यावर लावून ठेवा, सेटिंग कोणी उलटं करत नाही. गोपनीय आणि साधी रद्दी पहिल्यापासून वेगळी ठेवा, नाहीतर मागच्या अंगणातल्या पिंपात सगळीच जाळली जाते. डिप्लोमॅटिक बॅग, म्हणजे वकिलातीच्या सरकारी टपालाची सीलबंद थैली, विमानाने जाते, तेव्हा तिचं वजनही वहीत लिहा. कागदाचं एक रीम अडीच किलो भरतं.

उत्सर्जनाचा मोठा आकडा विमानप्रवासाचाही असतो आणि तिथे आपला हात सगळ्यात आखूड. लांबच्या प्रवासात बिझनेस क्लासच्या एका खुर्चीमागे इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट उत्सर्जन धरतात. कोणाला कुठला क्लास ते नियम ठरवतात, आपण नाही. पण शिष्टमंडळाचा कार्यक्रम आखताना दोन बैठका एकाच फेरीत बसवता येतात, आणि आधीची पूर्वतयारीची फेरी व्हिडिओवर उरकता येते. हॉटेलच्या दारात तासभर एसी लावून उभ्या राहणाऱ्या ताफ्याच्या ड्रायव्हरांना सावलीची जागा आणि चहा मिळवून द्या, इंजिनं आपोआप बंद होतात.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला प्लॅस्टिकचे झेंडे नकोत. भारतात ते १ जुलै २०२२पासून बंद आहेत, मग परदेशात आपणच ते वाटायचे म्हणजे शोभत नाही. पाण्याच्या बाटल्यांऐवजी भाड्याने काचेचे ग्लास आणा आणि जेवणाचा अंदाज आलेल्या उत्तरांवर बांधा, पाठवलेल्या निमंत्रणांवर नाही. उरलेलं अन्न नेणारी संस्था आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. रात्री अकराला कोणी फोन उचलत नाही.

तीनेक वर्षांत तुमची बदली होईल आणि तुमच्यामागे गिझर परत चालू होईल. म्हणून वहीचा वारसदार लोकल स्टाफमधला हवा, तो वीस वर्षं तिथेच असतो. मीटर वाचायचं काम सुरुवातीपासून त्याच्यासोबत करा, आणि वीजबिल उतरलं की राजदूतांसमोर त्याचं नाव घ्या. हँडओव्हर नोटला वही जोडा आणि शेवटच्या पानावर बारीकसारीक सगळं लिहा: कुठलं बटण कुठे आहे, स्टोअरची दुसरी किल्ली कोणाकडे असते, पावसाळ्यात कुठल्या छतावरून पाणी गळतं, आणि डिझेलवाल्याचा टँकर दर खेपेला किती लिटर कमी टाकतो.