भाड्याच्या घरातील दुरुस्ती आणि खर्च : घरमालकांनी या चुका टाळाव्यात

भाडेकरूचा निरोप येतो, “काका, गीझर बंद पडलाय,” आणि बहुतेक मालकांच्या मनात पहिला विचार येतो तो पैसे कोणी भरायचे याचा. बिघाड कशामुळे झाला, तो आणखी वाढेल का, त्यातून कोणाला इजा होण्याची शक्यता आहे का, हे प्रश्न मागे पडतात. पुण्या-मुंबईत लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या करारावर, दिलेल्या घरांमध्ये दुरुस्तीवरून जे वाद पेटतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या उलट्या क्रमात असते, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी कारण शोधावे, मग दुरुस्ती करून घ्यावी आणि सापडलेल्या कारणावरून खर्च कोणाचा हे ठरवावे. या क्रमाला सोडून मालक कुठे कुठे चुकतात आणि ते कसे सुधारता येते, ते येथे मांडतो.

करारात ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढेच लिहून सोडणे

“किरकोळ दुरुस्त्या लायसन्सीने (म्हणजे अशा करारावर राहणाऱ्याने) स्वखर्चाने कराव्यात” हे वाक्य जवळजवळ प्रत्येक छापील मसुद्यात असते आणि नोंदणीच्या वेळी अंगठा देण्याच्या घाईत ते कोणीही नीट वाचत नाही. पुढे बेसिनचा मिक्सर गळू लागला की एकाच्या दृष्टीने ते किरकोळ काम असते आणि दुसऱ्याच्या दृष्टीने मोठे. म्हणून करारात आकडा लिहावा. उदाहरणार्थ, एका वेळच्या दुरुस्तीचा खर्च दीड हजार रुपयांपर्यंत असेल तर तो भाडेकरूने करावा आणि त्यापुढे गेल्यास संपूर्ण खर्च मालकाने करावा. मात्र बिघाड निष्काळजीपणामुळे झाला असेल, तर रक्कम कितीही असली तरी ज्याचा निष्काळजीपणा त्याने भरावी. आकडा घराच्या भाड्याप्रमाणे कमीजास्त ठेवता येईल, पण तो असलाच पाहिजे.

यादी करताना केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टाचा आधार घेता येतो. हा कायदा राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे आणि महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा चालतो. तरीही कामांची वाटणी कशी करावी याचा अंदाज त्यातून येतो. इमारतीच्या बांधकामाशी संबंधित दुरुस्त्या, भिंतींचा रंग, नळाच्या पाइपलाइन आणि वायरिंग ही कामे त्यात मालकाकडे आहेत. नळ व त्यांचे वॉशर, तुंबलेले ड्रेनेज, स्विच-सॉकेट, कुलपे आणि खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे आहेत. गीझरची दुरुस्तीसुद्धा त्यात भाडेकरूच्या वाट्याला दिली आहे. ती जशीच्या तशी उचलू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येणाऱ्या सोसायट्यांमध्ये पाण्यातील क्षार कॉइलवर थरावर थर बसतात आणि टाकीला गंज लागू नये म्हणून आत बसवलेला अ‍ॅनोड रॉड झिजून संपतो. सहा-सात वर्षे वापरलेल्या गीझरची टाकी अशा पाण्याने गळू लागली, तर वर्षभरापूर्वी राहायला आलेल्या कुटुंबाकडून तिचे पैसे मागणे न्यायाचे नाही. गीझर मालकाचा, म्हणून वर्षातून एकदा त्याची सर्व्हिसिंगही मालकानेच करून घ्यावी. तो खर्च नव्या गीझरच्या किमतीपुढे फारच थोडा असतो.

ओल दिसली की भाडेकरूकडे बोट दाखवणे

सर्वांत जास्त चुका या एका विषयात होतात. बेडरूमच्या भिंतीला पोपडे येतात, भाडेकरू फोटो पाठवतो आणि मालक उत्तर देतो की तुम्ही बाथरूममध्ये पाणी फार सांडता. ओल दिसते एका जागी आणि पाणी मुरते दुसऱ्याच जागी, हे लक्षात घेतले नाही तर प्लंबर, रंगारी आणि भाडेकरू या तिघांशीही वाद होतो आणि भिंत मात्र ओलीच राहते.

ओल केव्हा वाढते आणि केव्हा सुकते, हे भाडेकरूला आठवडाभर पाहायला सांगावे. पावसाळ्यात येऊन दिवाळीनंतर सुकणारी ओल बहुधा बाहेरच्या भिंतीच्या भेगांतून, खिडकीच्या कडांमधून किंवा गच्चीतून आलेली असते. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतींना पावसाचा मारा जास्त बसतो, त्यामुळे तिकडे आधी पाहावे. भर उन्हाळ्यातही न सुकणारी आणि घर बंद असतानाही वाढणारी ओल भिंतीत गाडलेल्या पाइपची असण्याची शक्यता मोठी, कारण त्या पाइपमध्ये पाण्याचा दाब सतत असतो. तिची खात्री करण्यासाठी घराचा मुख्य कॉक एक रात्र बंद ठेवून पाझर थांबतो का, हे बघता येते. बाथरूम वापरल्यानंतरच वाढणारी आणि दोन-तीन दिवस वापर बंद ठेवला की कमी होणारी ओल नहाणी ट्रॅपच्या (फरशीतील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) जोडातून, सांडपाण्याच्या पाइपमधून किंवा फरशीच्या सांध्यांतून येते. येथे नहाणीचे तोंड बंद करून फरशीवर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून ठेवतात आणि खालच्या छताला किंवा शेजारच्या भिंतीला ओल चढते का, ते पाहतात. आपल्याच छताला ओल असेल, तर हीच परीक्षा वरच्या मजल्यावर करून घ्यावी लागते.

कारण कळले की खर्चाचा प्रश्न पुष्कळदा आपोआप सुटतो. गच्चीतून, पावसाच्या पाण्यामुळे किंवा बाहेरच्या सामायिक पाइपमधून होणारी गळती महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते, तर घराच्या आतील गळती त्या सभासदाच्या खर्चाची असते. सोसायटीकडे लेखी अर्ज करायचा तो मालकाने, कारण सभासद तो आहे. “तुम्हीच सेक्रेटरींना भेटा” असे भाडेकरूला सांगून हात झटकणे ही चूक अनेकजण करतात आणि कमिटी त्या भाडेकरूला दारातूनच परत पाठवते.

ओल मुळातून थांबवण्याआधी पुट्टी आणि रंग मारून घेणे हा खर्चाचा निव्वळ अपव्यय आहे. आत ओलावा असताना वरून रंग लावला की प्लास्टरमधले क्षार बाहेर येतात, रंग फुगतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच काम निघते. आधी गळती बंद करावी, प्लास्टर काही आठवडे सुकू द्यावे आणि मगच रंगाऱ्याला बोलवावे. त्या काळात भिंत विद्रूप दिसणार, हे भाडेकरूला आधीच सांगून ठेवले तर त्याची तक्रार राहत नाही.

सगळ्या तक्रारी एकाच रांगेत बसवणे

कपाटाचे बिजागर आठवडाभर थांबू शकते. नळाला हात लावल्यावर बसणारा झटका, स्विचबोर्डमधून येणारा जळका वास, गॅसचा वास, पूर्ण बंद झालेले पाणी आणि न उघडणारे मुख्य दार ही कामे त्याच दिवशी व्हायला हवीत. गीझरमधून झटका बसतो असा निरोप आला, तर “रविवारी माणूस पाठवतो” हे उत्तर देऊच नये. “गीझरचा स्विच आणि त्याचा एमसीबी आत्ताच बंद करा, कोणी वापरू नका, इलेक्ट्रिशियनला लगेच बोलवा आणि बिल मला पाठवा,” असे उत्तर जावे. त्या माणसाकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो बसवून घ्यावा. हा खर्च मालकाचाच आहे आणि त्यात घासाघीस करू नये.

गॅस गीझरबद्दल तर कोणतीही सवलत घेऊ नये. बंद बाथरूममध्ये तो जळत राहिला की हवेतील ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास, त्यामुळे आत असलेला माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. अशा घटनांत माणसे दगावली आहेत. आपल्या घरात तो बाथरूमच्या आत बसवलेला असेल, तर भाडेकरूच्या तक्रारीची वाट न पाहता तो मोकळ्या ड्राय बाल्कनीत हलवावा आणि तेथून गरम पाण्याची पाइप आत आणावी.

परदेशात किंवा दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मालकांची अडचण वेगळी असते. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून हडपसरच्या फ्लॅटमधला प्लंबर शोधता येत नाही. अशा वेळी स्थानिक व्यक्तीला, मग ती नातेवाईक असो की शेजारी, ठरावीक रकमेपर्यंत न विचारता काम करून घेण्याची मुभा द्यावी आणि तिचे नाव-नंबर करारासोबत भाडेकरूला द्यावेत. नंबर दिला पण अधिकार दिला नाही, तर ती व्यक्ती केवळ निरोप पोहोचवण्यापुरती उरते.

फोनवर बोलून विसरून जाणे

तक्रार कधी आली, मालकाने काय सांगितले आणि काम केव्हा झाले, याची नोंद नसेल तर सहा महिन्यांनी दोघेही प्रामाणिकपणे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. फोन झाला तरी त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी लिहाव्यात आणि कामाआधीचा व नंतरचा फोटो मागून घ्यावा.

लेखी नोंदीला कायद्याचेही कारण आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर तो स्वतः ती करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक होऊ शकत नाही. हे कलम कायद्याच्या अर्थाने भाडेकरू असलेल्यासाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याच्या बाबतीत कराराचे शब्द अधिक महत्त्वाचे ठरतात, पण तेथेही मालक मोकळा नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार, धोका होऊ शकेल असा जो दोष मालकाला ठाऊक आहे आणि राहणाऱ्याला ठाऊक नाही, तो उघड करणे मालकाचे कर्तव्य आहे. बाल्कनीचा कठडा हलतो हे माहीत असून गप्प राहणे म्हणूनच अक्षम्य आहे.

दुरुस्तीच्या निमित्ताने न सांगता किल्ली लावून घरात शिरणे हीसुद्धा अशीच गंभीर गोष्ट आहे. घर आपले असले तरी करार चालू असताना तेथे दुसऱ्याचा संसार असतो. पाहणीचा हक्क कायद्याने मालकाला दिला आहे, तोही आधी कळवून आणि वाजवी वेळी. आणि थकलेले भाडे वसूल करण्यासाठी पाणी किंवा वीज तोडणे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा ठरू शकते.

हिशोब शेवटच्या दिवसापर्यंत लांबवणे

वर्षभर मनात साठवलेले खर्च घर सोडताना अनामत रकमेतून एकदम कापले की भाडेकरूला ती फसवणूक वाटते, आणि त्याला तसे वाटण्यात चूक नाही. ज्या खर्चाचा वाटा भाडेकरूकडून घ्यायचा, तो त्या महिन्यातच बिल दाखवून घ्यावा. घर ताब्यात देताना प्रत्येक खोलीचे फोटो, वीजमीटरचे रीडिंग आणि पंखे, गीझर, एसी यांची स्थिती लिहिलेली यादी दोघांच्या सहीने करावी. ती नसताना बेसिनचा तडा जुना की नवा हे कोणीही ठरवू शकत नाही.

रंगकामासाठी सरसकट एक महिन्याचे भाडे कापण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. चार वर्षांपूर्वी लावलेला रंग फिका पडला, कॅलेंडरच्या खिळ्यांची दोन भोके राहिली, तर ती राहण्यातून होणारी साहजिक झीज आहे आणि तिचा मोबदला भाड्यातून मिळालेला असतो. मुलांनी भिंतीवर तैलखडूने चित्रे काढली असतील, तर तेवढ्या भिंतीचा खर्च मागावा. फुटलेली वस्तू जुनी असेल तर नव्याची पूर्ण किंमत लावू नये. तिचे किती आयुष्य उरले होते त्या प्रमाणात रक्कम धरावी.

प्राप्तिकराबाबतचा एक गैरसमजही येथेच दूर करतो. घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, मग दुरुस्तीवर प्रत्यक्षात काहीच खर्च झालेला नसो की पुष्कळ झालेला असो. प्लंबरचे किंवा रंगाऱ्याचे बिल त्यापलीकडे वेगळे दाखवता येत नाही. तरीही बिले जपून ठेवावीत, कारण पुढचा भाडेकरू गीझर किंवा वॉटरप्रूफिंगविषयी विचारेल तेव्हा वॉरंटीची तारीख त्याच कागदावर सापडते.