वाढायची पांढरी भांडी घेताना या चुका टाळा

गौरी-गणपती तोंडावर आले की क्रॉकरीच्या दुकानांत पांढऱ्या भांड्यांना एकदम मागणी येते. पांढरं निवडण्यात काहीच चूक नाही. पाहुण्यांसाठी काढायची माझ्याकडची जवळपास सगळी भांडी पांढरीच आहेत. अळूचं फदफदं, टोमॅटोचं सार, सोलकढी यांचा रंग पांढऱ्यात जसा खुलतो तसा नक्षीच्या भांड्यात खुलत नाही. शिवाय एखादं फुटलं तर त्याच्या जागी दुसऱ्या दुकानातलं आणलं तरी चालून जातं. चूक होते ती पुढे, नेमकं कोणतं पांढरं घ्यायचं हे ठरवताना. बहुतेक जण भांडं बघून घेतात. वाढायचं भांडं हातात धरून घ्यायचं असतं.

फोटो पाहून जड भांडं उचलणं

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे आणि तिचा त्रासही सगळ्यात जास्त होतो.

इंटरनेटवरच्या फोटोंत भांडं टेबलाच्या मधोमध मांडलेलं असतं आणि ज्याने त्याने आपापलं वाढून घ्यायचं असतं. आपल्याकडे भांडं फिरतं. जेवायला टेबलावर बसवलं तरी घरातलं कोणीतरी डाव्या हातात भांडं आणि उजव्या हातात पळी घेऊन प्रत्येकाच्या खांद्यामागून वाकतं, आग्रह करतं आणि पुढच्या पानाकडे जातं. एका जेवणात असे दोन-तीन फेरे सहज होतात. जे भांडं एका हातात भरलेलं पेलत नाही, ते आपल्या वाढपाच्या कामाचं नाही.

साधा हिशोब करा. दहा माणसं, प्रत्येकी एक वाटी आमटी. वाटी १५० मिलिलिटरची धरली तर पहिल्या वाढपालाच दीड लिटर आमटी लागते, म्हणजे दीड किलो वजन. ती हिंदकळू नये म्हणून भांडं दोन-तृतीयांशच भरायचं, तर सव्वादोन लिटरचा वाडगा हवा. जाड स्टोनवेअरमध्ये, म्हणजे कडक भाजलेल्या मातीच्या भांड्यांत, एवढा वाडगा रिकामाच किलोभर किंवा त्याहून जड भरतो. आता हे अडीच किलो, तेही तापलेलं, डाव्या हातावर तोलून दहा पानांवर वाकून बघा.

माझ्या मावसभावाच्या मुलीने नव्या घराच्या वास्तुशांतीला हौसेने असा सेट मागवला होता. मॅट पांढरा, गोल पोटाचा, काठ आत वळलेला, तळाला कडं नाही. दिसायला फार देखणा. बेत पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात. आमटी वाडग्यात ओतल्यावर थोड्याच वेळात बाहेरून हात लावता येईना. खाली नॅपकिन धरून ती निघाली, पण एका हातात वजन पेलेना म्हणून तिने दोन्ही हातांनी वाडगा धरला आणि पळीने वाढायला दुसरं कोणीतरी सोबत घेतलं. एका भांड्याला दोन वाढपी. दुसऱ्या फेरीत काकांच्या खांद्यामागून वाकताना नॅपकिन गुळगुळीत तळावरून सरकला आणि वाडगा कलंडला. पुरणपोळीवर आमटीचं तळं झालं, आणि उरलेली शेजारी बसलेल्या आत्यांच्या रेशमी साडीवर गेली. घाईघाईत कोणीतरी डागाला साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक झाला. तो हळदीचा गुण आहे, साबणातल्या अल्कलीने हळद लाल होते. पण त्या गोंधळात सगळे आणखीच घाबरले. शेवटी आतून स्टीलचं पातेलं आणि ओगराळं आलं आणि उरलेली पंगत त्यातूनच उठली.

मला वाईट वाटलं ते नंतरच्या बोलण्याचं. "हात नीट धरायला नको?" असं तिलाच चार जणींनी ऐकवलं आणि ती पुन्हा वाढायला बाहेर आलीच नाही. तिचा हात चांगला होता. भांडंच वाढायचं नव्हतं, आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

माझी सवय अशी. दुकानदाराकडे पाणी मागायचं, वाडगा दोन-तृतीयांश भरायचा, डाव्या हातात घ्यायचा, दुकानातल्या दुकानात चार पावलं चालायचं आणि वाढतोय असं समजून वाकायचं. मनगट कुरकुरलं की भांडं परत शेल्फवर. पाणी भरू न देणाऱ्या दुकानातून मी वाढायचं भांडं घेत नाही. अंगठा टेकायला काठ बाहेर वळलेला हवा, नाहीतर तो आमटीत बुडतो आणि ते पंगतीतल्या सगळ्यांना दिसतं. तळाला बोटं अडकतील एवढं उंच कडं हवं. जमलं तर घरची पळी पिशवीत टाकून न्या. ती वाडग्यात टेकवून ठेवल्यावर आत घसरत असेल तर जेवणभर घसरत राहणार.

आणि एका मोठ्या वाडग्याऐवजी सव्वा लिटरचे दोन घ्या. पंगतीच्या दोन टोकांनी दोघं निघतात, आमटी गरम राहते, कोणाचा हात भरून येत नाही. मोठं भांडं भारदस्त दिसतं म्हणून घेण्याचा मोह नवीन संसार मांडणाऱ्यांना हमखास होतो. तो आवरा.

कशाचं आहे हे न विचारणं

सगळं पांढरं म्हणजे चिनी माती, असं धरून चालणारे खूप भेटतात.

बोन चायनामध्ये जनावरांच्या हाडांची राख असते, आणि तीही चिमूटभर नाही. पारंपरिक मिश्रणात जवळपास निम्मी. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या स्टोक गावात जोसाया स्पोड यांनी ही कृती पक्की केली आणि तेव्हापासून प्रमाण साधारण तेच राहिलं आहे. ज्या घरी नैवेद्य त्याच भांड्यातून दाखवतात, किंवा कडक शाकाहारी आणि जैन पाहुणे जेवायला येतात, तिथे हे घेण्याआधी विचारायला हवं. पाहुणा पानावर बसल्यावर विषय निघाला तर दोन्ही बाजूंची अडचण होते. पोर्सिलेनमध्ये हाडांची राख नसते. केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ या खनिजांचं ते मिश्रण असतं.

ओपल म्हणजे काच. भारतात १९८७ साली स्थापन झालेल्या ला ओपालामुळे ही भांडी घराघरात पोचली, इतकी की अनेक जण कुठल्याही कंपनीच्या ओपलला 'ला ओपाला'च म्हणतात. पातळ, हलकं, हळद धरत नाही, म्हणून आमटी-कढीसाठी माझी पहिली पसंती ओपलला. एक मात्र लक्षात ठेवा. कडक केलेली ही काच फुटली की तुकडे लांबवर उडतात, तेव्हा खोलीचा कोपरा न् कोपरा झाडायचा आणि नंतर ओल्या कापडाने टिपून घ्यायचं.

मेलामाइन हे प्लास्टिक आहे. ७० अंशांपेक्षा गरम पदार्थांसाठी ते वापरू नये, असं जर्मनीची अन्नसुरक्षा संस्था सांगते. म्हणजे उकळती आमटी, गरम सार, कढी यांतलं काहीही त्यात नको, आणि मायक्रोवेव्ह तर नाहीच. पापड, कुरडया, चिरलेली फळं यांना ते उत्तम. फुटत नाही म्हणून सगळ्यालाच तेच वापरायचं, हा शॉर्टकट मला पटत नाही.

जयपूरची पांढऱ्यावर निळी नक्षी सुंदर असते, पण ती भांडी कमी आचेवर भाजलेली असतात. ती शोभेला ठेवा. कोकमाचं सार किंवा लोणचं त्यात घालू नका.

हळद दिसली की घासणी घेणं

"पांढरी भांडी आपल्या जेवणाला चालत नाहीत, पिवळी पडतात," हे वाक्य ऐकून मी कंटाळले आहे. चांगल्या ग्लेझचं, म्हणजे वरचा काचेसारखा थर चांगला असलेलं भांडं हळदीने पिवळं पडत नाही. पिवळं पडतं ते ग्लेझला बारीक तडे गेलेलं भांडं, किंवा घासून घासून खरवडलेलं.

हळदीचा रंग पाण्यात जेमतेम विरघळतो, तेलात मात्र छान विरघळतो. म्हणून नुसत्या वरणापेक्षा तर्रीची उसळ जास्त डागते. फोडणीचं तेल तो रंग घेऊन तड्यांत शिरतं आणि खालच्या मातीत बसतं. असे तडे समोरून दिसत नाहीत. भांडं खिडकीजवळ न्या, तिरकं धरा आणि उजेड पृष्ठभागावरून घसरू द्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या तर ते घेऊ नका, कितीही सवलत असली तरी. मग बोटाच्या पेराने टकटक करा. पोर्सिलेन खणखणीत वाजलं पाहिजे. आवाज बद्द आला तर कुठेतरी चीर आहे.

घरात डाग पडलाच तर लोक काय करतात? तारेची घासणी घेतात. डाग थोडा फिका होतो, समाधान वाटतं, आणि ग्लेझवर हजार बारीक ओरखडे उठतात. पुढच्या जेवणाला त्या ओरखड्यांत दुप्पट हळद बसते, मग दुप्पट घासणं. दोन सणांत चांगला वाडगा बाद. मग दोष पांढऱ्या रंगाला.

उपाय इतका सोपा आहे की घाई असलेल्यांना तो उपायच वाटत नाही. जेवण झाल्यावर भांडं पाण्यात बुचकळून रात्रभर ठेवायचं नाही. लगेच तेल पुसून काढायचं, कोमट पाण्यात साबणाने मऊ स्पंजने धुवायचं, आणि ओलंच गॅलरीत उन्हात ठेवायचं. हळदीचा रंग उन्हाने उडतो. डाग हट्टी असेल तर दुसऱ्या दिवशीही ऊन द्यायचं. धुताना लाल छटा आली तर घाबरू नका, ती पाण्याने जाते.

करड्या रेघांची गोष्ट वेगळी. त्यांना लोक ओरखडे समजतात, पण बहुतेक वेळा तो स्टीलच्या पळीचा धातू ग्लेझवर उतरलेला असतो. खाण्याचा सोडा ओला करून मऊ फडक्याने हलके चोळलं की निघतो. मॅट पांढऱ्यावर या रेघा फार लवकर येतात आणि जायला त्रास देतात. मॅट भांडी हल्ली जिकडेतिकडे दिसतात, पण स्टीलच्या पळीने वाढणाऱ्या घरात ती घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. घेतलीच असतील तर वाढायला लाकडी डाव किंवा करवंटीची डवली वापरा.

पांढऱ्यावर पांढरं

दहीभात, काकडीची कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, उकडीचे मोदक. पांढऱ्या भांड्यात हे सगळे हरवतात. प्लॅटरमध्ये आधी केळीचं किंवा हळदीचं पान घाला आणि त्यावर मोदक मांडा. कोशिंबिरीवर मोहरी-हिंगाची फोडणी वाढायच्या क्षणी घाला, आधी नाही.

आणखी काही, थोडक्यात

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हस्तिदंती रंगही पांढराशुभ्र दिसतो. घरचं एक भांडं सोबत न्या आणि दोन्ही दाराबाहेर दिवसाच्या उजेडात धरा.

सोनेरी काठाचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात.

श्रीखंडाचा वाडगा फ्रिजमधून काढून थेट गरम पाण्याखाली धरू नका. उलट, आमटी ओतण्याआधी वाडगा कोमट पाण्याने विसळून घ्या. तडा जात नाही आणि आमटीही जास्त वेळ गरम राहते.

टवका उडालेलं भांडं पाहुण्यांसमोर आणू नका. त्या जागी अन्न अडकतं आणि धार हाताला लागते.

तळाच्या कड्यावर बोट फिरवून बघा. तिथे ग्लेझ नसतं. ते खरखरीत असेल तर एकावर एक रचल्यावर वरचं भांडं खालच्याला ओरखडतं. घेतलेलं असेलच तर मध्ये सुती फडकं घाला.

डिनर सेट घेऊन सुटका करून घेणं

डिनर सेटच्या खोक्यावरचा आकडा मोठा असतो, पण त्यात भरती ताटल्या आणि वाट्यांची. वाढायची भांडी दोन-तीनच निघतात, आणि त्यांचे मापही आपल्या बेताला धरून नसते. सुटी भांडी घ्या. पुण्यात तुळशीबाग आणि बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, इथे सुटी मिळतात आणि हाताळूनही बघता येतात. रात्री सेलमध्ये मोबाइलवर मागवून हे काम होत नाही, त्यासाठी एक दुपार मोडावी लागते.

आठ-दहा माणसांच्या बेताला सुरुवात म्हणून मी सांगते ती यादी अशी: सव्वा लिटरचे दोन ओपल वाडगे आमटी-साराला, पसरट आणि उथळ असं पोर्सिलेनचं एक भांडं भाताला, लांबट प्लॅटर पोळ्या किंवा मोदकांना, अर्ध्या लिटरचे दोन वाडगे भाजी आणि कोशिंबिरीला, आणि चटणी-लोणच्याला झाकणाच्या तीन लहान वाट्या. तुपाला माझ्या घरी पितळेची तामलीच फिरते. तुपासाठी पांढरं भांडं शोधू नका. तुपाने माखलेली चिनी माती बोटांतून निसटते.