'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये गोळी झाडताना या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्सवर वाढलेला ग्रुप 'कॉल ऑफ क्थुलू' हा फासे टाकून खेळायचा भयकथांचा रोल-प्लेइंग गेम खेळायला बसला की पहिले दोन तास झकास जातात. जुनी पत्रं सापडतात, वाचनालयं धुंडाळली जातात. मग कोणीतरी रिव्हॉल्व्हर काढतं आणि टेबलावर वाद पेटतो. समोरच्याला डॉज, म्हणजे गोळी चुकवायची संधी, मिळतो का? तीन गोळ्या म्हणजे तीन रोल का? धुकं आहे, मग हार्ड धरायचं का? केऑसियमचा हा गेम १९८१ पासून खेळला जातोय, पण २०१४ च्या सातव्या आवृत्तीने गोळीबाराचे नियम बरेच बदलले. जुने खेळाडू मात्र आठवणीवर निवाडे देत राहतात. पूर्वी पॉइंट ब्लँकला, म्हणजे अगदी जवळून झाडताना, स्किल (शंभरातला जो आकडा किंवा त्याखालचा रोल आला की यश) दुप्पट व्हायचं, आता होत नाही. खाली जे आहे ते सातव्या आवृत्तीचं.

अंतराचा हिशोब परिस्थितीत मिसळू नका

निम्मे वाद इथेच मिटतात. लक्ष्य किती लांब आहे यावरून यशाची पातळी ठरते. बाकीच्या जवळपास सगळ्या गोष्टी, म्हणजे आडोसा, धावपळ, घाई, नेम, बोनस किंवा पेनल्टी डायमध्ये मोजायच्या: दहकाचा एक जादा फासा टाकायचा, बोनसला दोनातला चांगला धरायचा, पेनल्टीला वाईट.

अडतीस कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरची बेस रेंज १५ यार्ड. तेवढ्यात रेग्युलर यश, म्हणजे स्किलच्या आतला रोल, पुरतं. ३० यार्डांपर्यंत हार्ड लागतं, म्हणजे स्किलच्या निम्मं. ६० यार्डांपर्यंत एक्स्ट्रीम, म्हणजे पाचवा भाग. त्यापुढे गोळी वाया घालवू नये. आता धुक्यात किंवा झुडपाआड लक्ष्य अर्धंअधिक झाकलेलं असेल, तर एक पेनल्टी डाय. मूव्ह (वेगाचा आकडा) ८ किंवा जास्त असलेलं लक्ष्य भरधाव पळत असेल, तर आणखी एक. शूटरने अख्खा राउंड नेम धरण्यात घालवला असेल, तर पुढच्या राउंडच्या गोळीला एक बोनस डाय. बोनस आणि पेनल्टी एकास एक कटतात. पण नेम धरत असताना शूटर हलला किंवा त्याला इजा झाली, तर तो बोनस गेला. हे खेळाडू सोयीस्करपणे विसरतात.

कीपर, म्हणजे खेळ चालवणारा, धुक्यासाठी हार्ड मागतो आणि वर पेनल्टी डायही देतो, तेव्हा एकाच अडचणीची दोनदा वसुली होते. ५० स्किलच्या माणसाला एक पेनल्टी डाय लागला की यशाची शक्यता सरळ २५ टक्क्यांवर येते. हार्ड मागितलं तरीही ती २५ च. दोन्ही लावलं की सहा-सात टक्के उरतात. खेळाडू वैतागतो आणि पुढच्या वेळी कुऱ्हाड घेऊन येतो.

पॉइंट ब्लँक हा अंतराचा एकमेव प्रकार जो डायमध्ये मोजतात. शूटरच्या डेक्सचा (चपळाईच्या आकड्याचा) पाचवा भाग, तोही फुटांत. डेक्स ६० असेल तर १२ फुटांच्या आत एक बोनस डाय. यार्ड नव्हे, फूट.

गोळीला डॉज नसतो

हातघाईत दोघं रोल करतात, ज्याचं यश वरचढ तो जिंकला. गोळीबारात असा सामना नाहीच. एकटा शूटर रोल करतो. समोरच्याला ना डॉज, ना उलटा वार. त्याच्याकडे एकच उपाय, झेप घेऊन आडोसा गाठायचा. त्यासाठी तो डॉज स्किल वापरतो, पण ते यश शूटरच्या यशाशी तोलायचं नाही. झेप साधली तर शूटरला एक पेनल्टी डाय, एवढाच तिचा उपयोग. आणि ती साधो वा फसो, झेप घेणाऱ्याचा पुढचा हल्ला गेलाच. ही किंमत बहुतेक कीपर वसूल करायला विसरतात, आणि मग कथेतला प्रत्येक पंथवाला शत्रू दर गोळीला फुकटात उडी मारतो.

संख्याबळाचा नियमही असाच हातघाईतून इकडे घुसतो. तिघांनी एकाला घेरलं की हातघाईत बोनस डाय मिळतो, पण तो बंदुकीच्या गोळीला लागू नाही.

कोणाची बंदूक आधी

राउंडात जास्त डेक्सवाल्याची पाळी आधी येते, आणि हातात तयार असलेली बंदूक डेक्स अधिक ५० वर चालते. डेक्स ४० चा म्हातारा प्राध्यापक पिस्तूल रोखून उभा असेल तर त्याची पाळी ९० वर, आणि सुरा घेऊन धावणारा ७० डेक्सचा गडी त्याच्यामागे. पण पिस्तूल कोटाच्या आतल्या खिशात असेल तर प्राध्यापक ४० वरच. राउंड सुरू होण्याआधीच विचारून घ्या, कोणाच्या हातात काय आहे. नंतर विचारलंत तर सगळ्यांच्याच बंदुका 'आधीपासून हातात होत्या' असं निघतं.

तक्त्यातलं १ (३)

शस्त्रांच्या तक्त्यात हँडगनसमोर १ (३) असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ तीन फुकट हल्ले असा नाही. एक गोळी झाडलीत तर नेहमीसारखा रोल. दोन किंवा तीन झाडल्यात तर त्यातल्या प्रत्येक गोळीला, पहिलीलाही, एक पेनल्टी डाय.

सौदा वाईट नाही, पण दिसतो तेवढा गोडही नाही. ५० स्किलला एका गोळीत लागण्याची शक्यता ५० टक्के. तीन गोळ्यांत निदान एक लागण्याची ५८ च्या आसपास. आणि मोठी झळ बसते ती एक्स्ट्रीम यशाला. दहाच्या आत येण्याची शक्यता १० टक्क्यांवरून एका टक्क्यावर येते, म्हणजे इम्पेल (गोळी खोल घुसून होणारी जबर इजा) जवळपास विसरायचा. वर सहा गोळ्यांतल्या तीन गेल्या. रिव्हॉल्व्हरमध्ये एका राउंडात दोनच काडतुसं भरता येतात, हेही तेव्हाच आठवून द्या.

इम्पेल, आणि बारा हिट पॉइंट

एक्स्ट्रीम यश आलं की गोळी इम्पेल होते. शस्त्राचं कमाल डॅमेज घ्यायचं आणि त्यात पुन्हा एक डॅमेज रोल मिळवायचा. संपूर्ण रोल दुप्पट करणं ही जुनी सवय, सोडून द्या. अडतीसची गोळी १डी१० (दहा बाजूंचा एक फासा), म्हणजे इम्पेलला १० अधिक १डी१०. साध्या माणसाचे हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसण्याची ताकद, १२. त्याला एकाच फटक्यात १२ पेक्षा जास्त बसले तर तो जागीच मेला, आणि इथे दहापैकी आठ वेळा तसंच होणार. इम्पेल नसला तरी निम्म्या गोळ्या सहा किंवा जास्त डॅमेज देतात, म्हणजे मेजर वूंड (गंभीर जखम).

दोन अपवाद हमखास चुकतात. एक्स्ट्रीम रेंजवर एक्स्ट्रीम यश म्हणजे नुसतं लागणं, तिथे इम्पेल फक्त ०१ आल्यावर. आणि शॉटगनचे छर्रे इम्पेल करत नाहीत. छर्ऱ्यांना अंतराने पातळीही वाढत नाही, डॅमेजच घटतं: बारा बोअरला १० यार्डांत ४डी६, २० पर्यंत २डी६, ५० पर्यंत १डी६.

मित्र मध्ये आहे

झटापटीत गोळी झाडली तर एक पेनल्टी डाय, आणि फंबल, म्हणजे सगळ्यात वाईट अपयश, आला तर गोळी मित्राला. मित्र एकाहून अधिक असतील तर सगळ्यात कमी लक (नशिबाचा आकडा) असलेल्याला. एवढं सगळे वाचतात. निसटतं ते हे: फंबल कितीवर, हे यशासाठी लागणाऱ्या आकड्यावर अवलंबून आहे. तो ५० किंवा जास्त असेल तर फक्त १००, कमी असेल तर ९६ पासून पुढे. स्किल ५० असलेला शूटर जवळून झाडतोय तर फक्त १०० वर फंबल, पेनल्टी डाय धरून दोन टक्क्यांच्या आत. तोच वीस यार्डांवर उभा असला की हार्ड लागलं, हवा असलेला आकडा २५, आणि फंबल ९६ पासून. पेनल्टी डायसकट ही शक्यता साडेनऊ टक्के. दहा वेळा झाडलं तर जवळपास एकदा मित्र. रोलच्या आधी हा आकडा खेळाडूला सांगावा असं माझं मत आहे. त्याच्या पात्राला मधे कोण आहे ते दिसतंच.

फंबल आल्यावर लक खर्चून सुटका नाही. लकचा खर्च मुळात ऐच्छिक नियम आहे, आणि तो वापरत असाल तरी त्याने फंबल किंवा बंदुकीतला बिघाड पुसता येत नाही, डॅमेजचा फासाही बदलता येत नाही. लढाईतला रोल पुश करणंही, म्हणजे फसल्यावर पुन्हा टाकणंही, चालत नाही.

बिघाडाचंही तसंच. रोल शस्त्राच्या मालफंक्शन आकड्याइतका किंवा वर गेला तर रिव्हॉल्व्हर आणि बोल्ट ॲक्शन रायफलची गोळी सुटत नाही, एवढंच. ऑटोमॅटिक मात्र अडकते, आणि ती सोडवायला १डी६ राउंड आणि एक यशस्वी रोल लागतो. थॉम्पसन सबमशीनगनचा आकडा ९६ आहे. फुल ऑटोचे (सलग गोळीबाराचे) नियम पाठ करण्याआधी ग्रुपमध्ये खरोखर कोणाकडे थॉम्पसन आहे का ते बघा.

आणि कथा १९२० च्या दशकातल्या मुंबईत किंवा पुण्यात मांडली असेल तर १८७८ चा शस्त्र कायदा लागू आहे. परवान्याशिवाय रिव्हॉल्व्हर बाळगणारं पात्र पहिल्या गोळीनंतर पोलिसांना काय सांगणार, ते कॅरेक्टर शीट भरतानाच विचारून ठेवा.