नको असलेलं ॲप काढताना या चुका टाळा

परवा नागपुरात महाल भागातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी आपला अँड्रॉइड फोन माझ्या हातात दिला. "बघ नं रे, दहा वेळा काढलं मी हे, तरी जाहिरात येऊनच राहिली." काढलं म्हणजे नेमकं काय केलं, ते मी त्यांनाच करून दाखवायला सांगितलं. त्यांनी आयकॉन दाबून धरला, वर 'रिमूव्ह' असं आलं, तिथे नेऊन सोडला. आयकॉन स्क्रीनवरून गेला. ॲप मात्र फोनमध्ये जसंच्या तसं राहिलं.

ही चूक मी सगळ्यांत जास्त बघतो. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू घर सोडत नाही. 'रिमूव्ह' म्हणजे फक्त पाटी काढणं, घर रिकामं होतं ते 'अनइन्स्टॉल'ने. आणि त्रास देणारी ॲप तर स्वतःच आपला आयकॉन लपवून बसतात, त्यामुळे होम स्क्रीनवर त्यांना शोधूच नका. सेटिंग्जमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघडा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. पाच मिनिटं लागतात.

काकूंच्या यादीत टॉर्चचं एक ॲप सापडलं. टॉर्च तर प्रत्येक फोनमध्ये आधीच असतो, मग हे वेगळं कशाला? पण संशयावरून ॲप काढत सुटू नये, आधी खात्री करावी. जाहिरात स्क्रीनवर आली की लगेच रिसेंटचं, म्हणजे नुकतीच उघडलेली ॲप दाखवणारं बटण दाबायचं, म्हणजे ती कोणत्या ॲपची आहे ते वरच्या छोट्या चिन्हावरून बरेचदा कळतं. दुसरी खूण म्हणजे सेटिंग्जमधल्या सर्चमध्ये 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' टाकून बघणं. इतर ॲपच्या अंगावर येऊन दिसायची परवानगी कोणाकोणाला आहे, त्याची यादी तिथे मिळते. या यादीत टॉर्च, वॉलपेपर किंवा क्लीनर असं काही दिसलं, तर चोर सापडला समजा.

काकूंच्या फोनवर पुढे गाडी अडली. अनइन्स्टॉलचं बटण फिकट होतं, दाबलं तरी काही होईना. अशा वेळी लोक हात टेकतात आणि फोन घेऊन दुकानात जातात. कारण साधं असतं: इन्स्टॉल करताना त्या ॲपने 'डिव्हाइस ॲडमिन' हा अधिकार मागितलेला असतो आणि आपण न वाचता हो म्हटलेलं असतं. हा अधिकार आहे तोवर ॲप निघत नाही. सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'ॲडमिन' टाकायचं, त्या ॲपसमोरचं बटण बंद करायचं, मग मागे येऊन अनइन्स्टॉल करायचं. तसंच 'ॲक्सेसिबिलिटी'मध्येही डोकवा. ही परवानगी मिळालेलं ॲप तुमच्या स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं.

आमच्या बाबतीत तेवढ्यानेही भागलं नाही. सेटिंग्ज उघडली की वरून जाहिरात येऊन पडायची. मग सेफ मोड वापरला. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचा मेनू आणून 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून ठेवलं की सेफ मोडचं विचारतं. या मोडमध्ये आपण टाकलेली ॲप चालतच नाहीत, त्यामुळे शांतपणे अधिकार काढता येतो आणि ॲपही काढता येतं. नंतर फोन रीस्टार्ट केला की सगळं पहिल्यासारखं. काकूंनी हे सगळं स्वतःच्या बोटाने केलं, मी फक्त शेजारी बसलो होतो.

आता पैशांची चूक. माझ्या भाच्याने व्यायामाचं एक ॲप चार दिवस वापरून काढून टाकलं आणि पुढचे तीन महिने त्याच्या खात्यातून पैसे कापले जात राहिले. ॲप गेलं म्हणजे वर्गणी थांबली, असं होत नाही. आधी प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' बघा, आणि मग ज्या यूपीआय ॲपवरून पैसे दिले त्यातलं 'ऑटोपे', म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या बघा. दोन्ही ठिकाणी बघायचं, कारण एखाद्या ॲपची वर्गणी प्ले स्टोअरमधून नाही तर थेट यूपीआयवरून चालू असू शकते. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. भाच्याने तिन्ही वेळा तेच केलं होतं.

व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकायचं असेल तर आधी चॅट बॅकअप घ्या. ओटीपीचे आकडे दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप मात्र त्यातले कोड दुसरीकडे हलवल्याशिवाय मुळीच काढू नका, नाहीतर स्वतःच्याच खात्यांबाहेर उभं राहावं लागतं.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिक चलानच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट ॲप टाकणारी फाइल येते. ती चुकून इन्स्टॉल झाली, तर घाबरून लगेच डिलीट करू नका. पहिलं काम फ्लाइट मोड लावणं आणि वाय-फायही बंद झालंय ना ते बघणं, म्हणजे त्या ॲपचा बाहेरचा संपर्क तुटतो आणि बँकेचे एसएमएस त्याच्या हाती लागत नाहीत. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं रोखायचं. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करायची. ज्या मेसेजमधून फाइल आली, त्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवायचा, तो पुरावा आहे. हे सगळं झाल्यावर ॲप काढायचं. ज्यांच्या आयुष्याची जमापुंजी त्या फोनमागच्या खात्यात आहे, अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना हा क्रम आजच समजावून सांगा.

फोनसोबतच आलेल्या ॲपचं काय? त्यातली काही निघतात, काहींना फक्त 'डिसेबल', म्हणजे न काढता बंद करून ठेवणं मिळतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा गूगलची आधीपासून असलेली ॲप काढायला ग्राहकाला अडवू नये, असंही आदेशात म्हटलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण काही निर्देश रद्द केले, त्यात हाही गेला. मला हे पटत नाही. पैसे आपण मोजलेत, तर काय ठेवायचं हेही आपणच ठरवावं. तरीही फोन कॉम्प्युटरला जोडून एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणाऱ्या साधनाच्या) कमांडने सिस्टीम ॲप उपटायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. चुकीचं ॲप गेलं तर फोन कंपनीच्या लोगोवरच अडकतो, आणि सगळा डेटा घालवून रीसेट मारावं लागतं. जागाही मिळत नाही, कारण मूळ ॲप सिस्टीमच्या वेगळ्या भागात असतं, तिथे तुमचे फोटो ठेवताच येत नाहीत. 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करून डिसेबल केलं की काम झालं.

क्लीनर आणि बूस्टर नावाची ॲप टाकू नका, आधीची असतील तर तीही काढा.

आणि आपल्या नागपूरची एक गोष्ट. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की फोन तापतो, आणि तापलेला फोन स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. त्या रागात लोक चांगली ॲप काढतात, फॉरमॅट मारतात, लेकरांचे फोटो गमावतात. स्कूटरच्या डिक्कीतून काढलेला फोन आधी कव्हर काढून सावलीत अर्धा तास ठेवा. फ्रिजमध्ये नको, आत पाणी धरतं. गार झाल्यावरही अडखळत असेल, तर ॲपची यादी उघडा.