सुफ्यानीचं फसलेलं बंड वर्गात कसं शिकवायचं

साताऱ्यात इतिहास शिकवणाऱ्यांसाठी लिहितोय. मुस्लिम खलिफांचं उमय्यद घराणं ७५० मध्ये पडलं, त्यांची सत्ता अब्बासी घराण्यानं घेतली आणि लगेच उमय्यदांच्याच घरातला एक राजपुत्र, अबू मुहम्मद अल-सुफ्यानी, सीरियात अब्बासींविरुद्ध उठला, पुस्तकात याला जेमतेम एक ओळ मिळते नि पोरं ती पाठ करून विसरतात.

सुरुवात दमास्कसपासून करू नका, आपल्या साताऱ्याच्या गेंडामाळापासून करा. डलहौसीनं १८४८ ला साताऱ्याची गादी खालसा केली, मग १८५७ ला त्या गादीचे वकील रंगो बापूजी यांचा इंग्रजांविरुद्धचा कट फुटला, ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना मारलं आणि रंगो बापूजी काही सापडले नाहीत. हे पोरांना माहितीये. गादी गेली की तिची माणसं काय करतात, एवढाच प्रश्न टाका आणि अकराशे वर्षं मागं जा. तुलना फार ताणू नका पण, रंगो बापूजी राजपुत्र नव्हते.

आता फळा. मी पहिल्यांदा अख्खी वंशावळ काढली होती, दहा मिनिटांत वर्ग हातातून गेला. दोनच फांद्या काढा. पहिला उमय्यद खलिफा मुआविया याची सुफ्यानी फांदी, जिची सत्ता ६८४ ला गेली, आणि मरवानी, जी ७५० पर्यंत टिकली. आपला अबू मुहम्मद हा मुआवियाचा पणतू, म्हणजे ६६ वर्षं गादीबाहेर असलेल्या फांदीचा. अब्बासींचा रंग काळा, बंडवाल्यांनी पांढरा घेतला. काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूनं त्याचं नाव लिहा, वेगळं सांगायला लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ ठिणगीला द्या, कारण ती राजपुत्रानं टाकलेलीच नाही. उत्तर सीरियातल्या किन्नसरीनचा सेनानी अबू अल-वर्द अब्बासींना शरण जाऊन गप्प बसला होता. मग एक अब्बासी अधिकारी मसलमा या जुन्या उमय्यद सरदाराच्या बायकापोरांना छळायला लागला, त्यांनी अबू अल-वर्दकडं गाऱ्हाणं नेलं, त्यानं त्या अधिकाऱ्याला मारलं आणि पांढरं निशाण धरलं. इथं थांबा, पोरांना बोलू द्या. शरण गेलेला माणूस दुसऱ्याच्या लेकराबाळांसाठी परत उभा राहतो, मला तर दरवेळी भरून येतं. अबू मुहम्मद त्यानंतर पुढं आला, सीरियातल्याच होम्स आणि तदमूर (पाल्मायरा) या शहरांची माणसं घेऊन.

मग नकाशा. दक्षिणेला हौरान, वर किन्नसरीन, त्याच्याही पलीकडं हर्रान. तिन्हीकडं उठाव झाले पण एकमेकांशी मेळ नव्हता. खलिफाचा काका अब्दुल्ला इब्न अली आधी हौरानवाल्यांशी तह करून मोकळा झाला आणि मग उत्तरेकडं वळला. पुढं पाठवलेल्या त्याच्या भावाच्या फौजेनं मार खाल्ला, तेव्हा तो स्वतः आला. मर्ज अल-अख्रमच्या लढाईत अबू अल-वर्द आपल्या पाचशेक भाऊबंदांसह लढत मेला. याच अब्दुल्लानं ७५४ ला स्वतः खिलाफतीसाठी बंड केलं आणि तेही मोडलं, हे जाताजाता सांगा, वेळ असला तर.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. पोरं हमखास विचारतात, राजपुत्राचं काय झालं सर? तो आधी तदमूरला पळाला, तिथून अरबस्तानातल्या हिजाजला, लपून राहिला आणि पुढं अब्बासी खलिफा मन्सूरच्या काळात मारला गेला. तरी सुफ्यानी परत येणार असं सीरियातली माणसं पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिली.